तोलुईच्या बायकोला कोणी विचारलं?

आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता कोणाच्या जिवाला घोर लागायला नको. माझे दोन्ही मुलगे सुखरूप आहेत. थोरला अनिरुद्ध वेलिंग्टनमध्ये पुन्हा ऑफिसला जायला लागला आहे, आणि धाकटा निखिल पुण्यात पूर्वीसारखाच सकाळी कोणाच्या हाकांना दाद देत नाही.

न्यूझीलंडला जाऊन आले म्हटल्यावर लोक डोंगरांविषयी विचारतात, मेंढ्यांविषयी विचारतात. मेंढ्या मी पाहिल्या, पण चालत्या गाडीतून. हिमनद्या, गरम पाण्याचे झरे, बोटीतून दिसणारे देवमासे यांतलं मी काहीही पाहिलेलं नाही. मी गेले होते ती एका मूत्रपिंडाच्या सोबतीने. अनिरुद्धची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागत होतं, आणि निखिलने आपलं एक त्याला द्यायचं ठरवलं होतं. पुण्यात केलेल्या तपासण्या जुळल्या. उरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया तिकडे व्हायची होती. म्हणून निखिल, त्याची बायको मेधा आणि मी असे तिघे निघालो.

डोक्यात आणखी एक सोबती होता, तोलुई. मी निवृत्त होईपर्यंत नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवला. दिल्लीच्या सुलतानांच्या धड्यात मंगोलांच्या स्वाऱ्या दोन ओळींत उरकलेल्या असत. त्या दोन ओळींनी मला जे ओढलं, ते आजपर्यंत सोडलेलं नाही. चंगीझ खानाच्या पट्टराणीचा सर्वांत धाकटा मुलगा, सेनापती तोलुई, याचं चरित्र मी कित्येक वर्षं लिहिते आहे. माझे यजमान होते तोवर ते म्हणत, की तोलुईला जगायला लागली नसतील एवढी वर्षं हिला त्याला लिहायला लागताहेत. मुलांना लहानपणी झोपताना राजा-राणीच्या गोष्टींऐवजी मंगोलांच्या वंशावळी ऐकाव्या लागल्या. म्हणूनच आपण इंजिनियर झालो, असं दोघेही सांगत फिरतात.

ऑकलंड

ऑकलंडच्या विमानतळावर उतरल्यावर खाण्यापिण्याचं जे जे बरोबर आहे ते दाखवावं लागतं. मी जन्माची मास्तरीण, सगळं टेबलावर मांडून ठेवलं. मेतकूट, गोडा मसाला, आंबोशी, आणि एका पुडीत मोहरी. हाफ पँट घातलेला एक दाढीवाला अधिकारी एकेक पुडी उचलून हुंगत होता. गोड्या मसाल्यापाशी तो जरा रेंगाळला, ते मला आवडलं. मोहरीची पुडी हातात घेऊन त्याने विचारलं, "व्हॉट्स धिस फॉर?"

"फॉर ईव्हिल आय," मी खरं ते सांगितलं. मेधाने मला कोपराने ढोसलं.

"हूज?" त्याने गंभीरपणे विचारलं.

मी दृष्ट वगैरे मानत नाही. पण दोन मुलगे एकाच दिवशी शस्त्रक्रियेला जाणार असतील तर माणूस पुडीभर मोहरी बरोबर घेतो, एवढं कोणालाही समजण्यासारखं आहे. मेधा घाईघाईने "फॉर कुकिंग, फॉर कुकिंग" म्हणाली. अधिकाऱ्याने हसून "सॉरी, सीड्स" म्हणत मोहरी बाजूच्या डब्यात टाकली आणि बाकी सगळं परत दिलं. पुढच्या विमानाला वेळ होता तेवढ्यात निखिल बाकावर पसरून झोपला. झोपेत त्याचा हात कमरेवर होता. मेधा कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत होती आणि मी मेधाकडे. 

जॉन्सनव्हिल

वेलिंग्टनला वारा हा घरातल्या माणसासारखा असतो. तो कधी जाईल याची वाट बघायची नसते. जॉन्सनव्हिल हे उत्तरेचं उपनगर, डोंगराच्या अंगावर चढत गेलेलं, लाकडी घरांचं. नोव्हेंबर म्हणजे तिकडे वसंत ऋतू, आणि त्या वसंतात मी मुलाचा स्वेटर, त्यावर सुनेचं जाकीट आणि त्यावर आपली शाल घेऊन हिंडत होते. आगगाडीत बसलं की बोगद्यामागून बोगदे घेत ती तुम्हाला शहरात नेऊन सोडते. डब्यात अधूनमधून मराठी कानावर येतं. तीही शुद्ध कोथरूडची.

अनिरुद्धला पाहून मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहवत नाही. चेहरा सुजलेला, हात मात्र काड्या झालेले. मी आले की त्याला पोटभर करून घालणार होते, तर त्याची बायको स्मिता हिने पहिल्याच दिवशी मला त्याचं पथ्य समजावून सांगितलं. टोमॅटो नाही, केळं नाही, डाळ चमचाभर, आणि बटाटा खायचाच असेल तर चिरून, उकळून, पाणी फेकून, पुन्हा उकळून. अशा बटाट्याला कशाचीच चव उरत नाही. पाणीसुद्धा मोजून. आई आली आहे आणि मुलगा दुपारी बर्फाचा एक खडा चोखतो आहे, हे बघायची सवय व्हायला मला आठवडा लागला.

स्मिताने एकदा मला "कोपऱ्यावरच्या डेअरीतून ब्रेड आणता का, आई?" असं विचारलं. डेअरीत ब्रेड कशाला असेल असं मनात म्हणत मी किटली घेऊन गेले. तिथे वर्तमानपत्रं होती, गोळ्या-चॉकलेटं होती, रबरी सपाता होत्या, गाय नव्हती. त्या देशात किराणा-किडूकमिडूकच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुकानाचा मालक गुजराती निघाला आणि माझी किटली बघून त्याने मला तिथला आलं घातलेला चहा त्याच किटलीत भरून दिला. परदेशात माझी पहिली ओळख अशी गैरसमजातून झाली, आणि ती शेवटपर्यंत टिकली.

लोअर हट

अनिरुद्धच्या ऑफिसातली सुजाता लोअर हटला राहते. ती मूळची नागपूरची. तिने आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं आणि वडाभात केला. वर कढवलेलं तेल ओतून तो भात खाताना मला आठवडाभरात पहिल्यांदा भूक लागल्यासारखी वाटली. अनिरुद्ध यंत्रावरून आदल्याच दिवशी उठला होता, तो सुजाताच्या घरी आडवा झाला. स्मिता त्याच्यापाशी बसली. निखिल, मेधा, अनिरुद्धची मुलगी, म्हणजे माझी नऊ वर्षांची नात ओवी आणि मी असे जवळच्या समुद्रावर गेलो.

राखाडी वाळू, थंड वारा, आणि कागदात गुंडाळलेले गरम तळलेले मासे आणि बटाट्याच्या फोडी. सीगल पक्षी त्या फोडींसाठी अक्षरशः अंगावर येतात. निखिल त्यांना हाकलायला लांब पळत गेला. ओवीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इंग्रजी. तिने हुकूम सोडला, "आजी, टेल द मंगोल वन."

मी काय, तयारच होते. आपल्याकडे घराचा वारस म्हणजे थोरला. मंगोलांचं उलटं. मोठी मुलं आपापली गुरं-घोडे घेऊन लांब निघून जायची आणि आईबापांचा तंबू, त्यातली चूल शेंडेफळाकडे राहायची. त्याला म्हणतच अग्नीचा धनी. आमच्या घरातही थोरला समुद्रापार गेला आणि धाकटा आईजवळ राहिला, म्हणजे आम्ही न कळत मंगोलच झालो होतो. तोलुई असा अग्नीचा धनी होता. चंगीझ खान गेल्यावर दुसरा खान निवडला जाईपर्यंत राज्य त्यानेच सांभाळलं. सेनापती म्हणून निघाला तेव्हा मर्व आणि निशापूर ही भरली शहरं त्याने ओसाड केली, बायकापोरांनाही सोडलं नाही. हे मी वर्गातही लपवत नसे. ओवीपुढे मात्र थोडं घाईने सांगितलं.

मग आला माझा आवडता भाग. तोलुईचा थोरला भाऊ ओगदेई खान चीनच्या मोहिमेवर आजारी पडला. वाचा गेली. शामान, म्हणजे त्यांचे देवऋषी, म्हणाले की तिथल्या भूमीचे आणि पाण्याचे देव कोपले आहेत, त्यांना सोनंनाणं नको, गुरं नकोत, खानाच्या जागी रक्ताच्या नात्यातलं माणूस हवं. तोलुई पुढे झाला. शामानांनी मंत्र घालून पाणी दिलं, भावाचा आजार त्या पाण्यात उतरवलेला, आणि तोलुई तो पेला प्यायला. आपल्याकडे आपण जीव ओवाळून टाकतो म्हणतो, तसंच. भाऊ उठून बसला, तोलुई गेला. दुसरे इतिहासकार म्हणतात, तो दारू पिऊन पिऊन मेला. पण मंगोलांनी स्वतः सांगितलेली कहाणी ही अशी आहे.

"यू मीन ही ड्रँक द सिक वॉटर?" ओवीने नाक मुरडलं. "आजी, दॅट्स सो ग्रॉस."

मेधा इतका वेळ वाळूत बोटाने रेघा ओढत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि त्याच्या बायकोला कोणी विचारलं?"

"कोणाच्या?"

"तोलुईच्या. पेला पिण्याआधी. बायको होती ना त्याला?"

होती. सोर्घाघ्तानी. चार मुलगे. त्यांतले दोन पुढे मोठे खान झाले, एकाने इराण घेतलं. नवरा गेल्यावर ओगदेईने तिला आपल्या मुलाशी लग्न करायला सुचवलं. मला माझी मुलं वाढवायची आहेत, असं सांगून तिने ते गोड बोलून टाळलं आणि एकटीने नवऱ्याचा सगळा मुलूख सांभाळला. हे सगळं मी भराभर सांगितलं. मग माझ्या तोंडून निघालं, "पण तिला विचारल्याचा उल्लेख साधनांत नाही."

"मला वाटलंच," मेधा म्हणाली. "नंतरचं निस्तरायला तेवढी ती."

अडचणीत सापडले की मी शिकवायला लागते. म्हटलं, एका फारसी इतिहासकाराने लिहून ठेवलंय, तोलुई म्हणजे त्यांच्या भाषेत आरसा. तो गेल्यावर त्यांनी आरशाला तो शब्द वापरणंच बंद केलं, दुसऱ्या भाषेतला शब्द आणला. माझ्या मावशीच्या यजमानांचं नाव दिवाकर, तर ती जन्मभर दिव्याला उजेड म्हणाली. तिन्हीसांजेला उजेड लावा गं, असं. ओवी खो खो हसली. मेधा हसली नाही. तेवढ्यात निखिल धापा टाकत परत आला, त्याच्या हातातली फोड एका पक्ष्याने झडप घालून नेली होती, आणि त्याचं ते रडगाणं ऐकत आम्ही घरी पोचलो. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. निखिल देणार हे कळल्यापासून आम्ही सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या होत्या. मेधाला आम्ही कोणी काही विचारलं नव्हतं. नवरा देतो म्हणजे बायको देते, असं आमच्या डोक्यात पक्कंच होतं. ती नको म्हणाली तर? माझा अनिरुद्ध त्या यंत्रावर किती काळ टिकेल?

इस्पितळात

रक्ताच्या तपासण्या झाल्या, पोटाची छायाचित्रं काढून झाली, आणि मग एका सकाळी आम्हाला एका बाईंच्या खोलीबाहेर बसवलं. त्यांचं नाव अरोहा. गळ्यात हिरव्या दगडाचा लोलक, माओरी बाई, ऐसपैस आणि हसऱ्या. "किया ओरा," म्हणून त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि म्हणाल्या, आधी निखिल एकटा आत येईल, मग मेधा एकटी.

"आय ॲम द मदर," मी उठून उभी राहिले.

"लव्हली," बाई म्हणाल्या. "यू सिट हिअर, डिअर."

मला असं कोणी वर्गाबाहेर बसवलेलं नव्हतं. मला राग आला आणि तो दिसला असावा, कारण बाईंनी जवळ बसून मला त्यांची रीत समजावून सांगितली. देणाऱ्यावर घरच्यांचा दाब तर नाही ना, हे त्या एकट्यात विचारतात. त्याने किंवा बायकोने कच खाल्ली, तर शस्त्रक्रिया थांबते, आणि घरच्यांना एवढंच सांगतात की हा देणारा योग्य नाही. खरं कारण कोणालाही, कधीही सांगत नाहीत.

"सो यू विल टेल अस अ लाय?" मी म्हटलं.

"इफ ही डझन्ट वॉन्ट टू, ही इझन्ट सूटेबल. व्हेअर्स द लाय?" बाई हसून आत गेल्या.

निखिल आत जाऊन लगेच बाहेर आला. मेधा गेली ती येईना. निखिल चहा आणायला गेला. बाकावर मी आणि अनिरुद्ध दोघेच उरलो. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "आई, मेधा नाही म्हणाली तर तिला काही बोलायचं नाही हं. घरी गेल्यावर पण नाही. नाशिकला कोणाला सांगायचं नाही."

"ती काय म्हणाली ते आपल्याला कळणारच नाही."

"तुला कळेल. तुला सगळं कळतं, आणि मग तू टोमणे मारतेस."

हे खरं आहे. मी त्याला कबूल केलं की मारणार नाही. तो स्वतःच्या जिवाऐवजी भावजयीचा विचार करत होता आणि मला त्याला एक थोबाडीत मारावीशी वाटत होती, इतकी माया आली.

मेधा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.  घरी येईपर्यंत गाडीत फक्त ओवीच्या शाळेविषयी बोलणं झालं.

पुन्हा जॉन्सनव्हिल

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अनिरुद्धसाठी बटाटे उकळत होते. पहिलं पाणी फेकलं, दुसरं ठेवलं. मेधा ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, तुम्ही विचारत नाही आहात म्हणून मीच सांगते. मी त्यांना सांगितलं की मला भीती वाटते. आणि राग पण येतो. सगळ्यांनी निखिलला शाबासकी दिली, माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. त्याला उद्या काही झालं तर मी कुठे जाऊ? आमचं अजून मूल पण नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग त्या म्हणाल्या, इफ यू से नो, वुई स्टॉप, अँड नोबडी विल एव्हर नो व्हाय. आणि त्यांनी खरंच थांबवलं असतं. मला ते कळत होतं. मी नाही म्हणू शकते हे कळलं आणि मला एकदम मोकळं वाटलं. खूप रडले. मग हो म्हटलं." तिने चमच्याने एक बटाटा उगाच दाबून बघितला. "कोणी विचारलंच नसतं ना आई, तर मी जन्मभर मनातल्या मनात नाहीच म्हणत राहिले असते."

मी गॅस बंद केला. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण आमच्यात ते कधी झालेलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोही जरा जोरात, पाठीत धपाटा घालावा तसा.

"पण माझी एक अट आहे," ती म्हणाली. "घरात एक शब्द बंद. त्याग. मोठ्या मनाने केलं, दधीची ऋषी, तोलुई, असलं काही बोलायचं नाही. लोकांना बोलू दे. तुम्ही नाही बोलायचं. त्याग म्हटलं की तो देव होतो, आणि मी देवाची बायको. मला नवरा हवाय."

मला तो शब्द फार आवडतो. त्या शब्दावर मी निबंध लिहून घेतलेले आहेत. पण एका माणसापायी सगळ्या मंगोलांनी आरसा हा शब्द सोडला, तर मला एक सोडता येणार नाही? त्याच संध्याकाळी नाशिकहून जाऊबाईंचा फोन आला आणि त्यांनी गहिवरून "केवढा हो त्याग!" म्हटलं. मी म्हटलं, "एक मूत्रपिंड देतोय, बाकी सगळं जागच्या जागी आहे." त्यांना ते आवडलं नाही. मेधा पलीकडे भांडी पुसत होती, तिने ऐकलं.

आता दृष्ट काढल्याचं सांगते. इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मी दोघांना खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसवलं. मोहरी तिथल्या भारतीय दुकानातून आणली होती. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन दोघांवरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. नाशिकला आम्ही हे मागच्या अंगणात करतो. इथे वारा बाहेर सुटलेला, दारं-खिडक्या बंद. क्षणात घर धुराने भरलं, आणि छताला चिकटवलेलं धुराची सूचना देणारं गोल यंत्र जे किंचाळायला लागलं ते थांबेना. निखिल खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होता. शेजारच्या बार्बराबाईंनी खिडकीतून धूर बघितला आणि फोन केला. तवा मोरीत ठेवतोय तोच दारात आगीच्या बंबाची लाल गाडी उभी.

दोन धिप्पाड जवान आत आले आणि येताक्षणी ठसकायला लागले. मिरचीचाच धूर तो. एकाचे डोळे वाहत होते. "व्हॉट वॉज इट, लव्ह?" त्याने मला विचारलं.  ओवी पुढे झाली आणि म्हणाली, "माय नॅन वॉज बर्निंग द बॅड लक. माय डॅड अँड अंकल आर हॅविंग ऑपरेशन्स."

त्या जवानाने टोपी काढली, दोघांकडे बघितलं, आणि नाक पुसत म्हणाला, "डिड इट बर्न ओके?"

"हीप्स," ओवी म्हणाली. म्हणजे ढीगभर.

"स्वीट ॲज." हे तिकडचं झकास. मग मला म्हणाला, पुढच्या वेळी बाहेर करा. जाताना दोघांनी मुलांशी हात मिळवले.

मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट कडक होती असं आपल्यात समजतात. इथे तर घर, शेजारीण आणि अग्निशमन दल सगळे ठसकत होते. मी असलं मानत नाही, हे मागे लिहिलंच आहे. पण त्या रात्री मला बरी झोप लागली.

शस्त्रक्रियेचा दिवस

सकाळी दोघांना शेजारच्या खोल्यांत नेलं. निखिल ढकलगाडीवरून मला म्हणाला, "आई, चेहरा असा करू नकोस. तोलुई पेला पिऊन मेला, मी भूल घेऊन झोपणार आहे. फरक आहे." मेधासमोर ते नाव काढल्याबद्दल त्याला तिने तिथेच चिमटा काढला.  अनिरुद्धने माझा हात धरला तो परिचारिकेने सोडवेपर्यंत सोडला नाही.

वाट बघायच्या खोलीत आम्ही तिघी, स्मिता, मेधा आणि मी. ओवी सुजाताकडे. खिडकीबाहेर वाऱ्याने झाडं पार वाकलेली. स्मिता तेच पान तासभर वाचत होती. मला देवाचं नाव घ्यावं तर आठवेना, चंगीझ खानाच्या नातवंडांची नावं मात्र एकामागून एक आठवत होती. तीच मी म्हणत बसले.

दुपारी हिरव्या टोपीतल्या एक सर्जनबाई दारात आल्या. मी ताडकन उठले. मी आई होते, आत माझे दोन होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मेधा?"

क्षणभर मला लागलं, खोटं कशाला सांगू. मग मी मेधाला दंडाला धरून पुढे केलं. "धिस इज मेधा," मी म्हटलं. "टेल हर."

निखिल शुद्धीवर येत होता, सगळं नीट झालं होतं, आणि त्याने पहिल्यांदा विचारलं होतं की जेवायला काय आहे. मेधा बाईंच्या मागे धावली. मी आणि स्मिता एकमेकींकडे बघत उरलो. आता अनिरुद्ध. मूत्रपिंड बसवलं तरी ते चालायला हवं. कधीकधी ते दिवसेंदिवस रुसून बसतं, कधी मुळीच चालत नाही. ते चाललं हे कळायची खूण एकच, की मुलाने शू करायला हवी. अनिरुद्धला महिनोन् महिने थेंबही झालेली नव्हती.

बाहेर काळोखी यायला लागली. आम्हाला कोणी काही सांगेना. स्मिता म्हणाली, "आई, मला खूप भीती वाटते," आणि मी म्हटलं, "मलाही." 

आणि मग त्या लांबलचक, चकचकीत बोळातून धावण्याचा आवाज आला. मेधा. पायांत इस्पितळाच्या कागदी सपाता, ओढणी एका खांद्यावरून लोळते आहे, परिचारिका वळून बघताहेत, व्हीलचेअरवरचे एक आजोबा भिंतीला सरकले. निखिलच्या खाटेपाशी आलेल्या परिचारिकेने तिला पलीकडच्या खोलीतली बातमी दिली होती, आणि ती चालत यायला थांबलीच नव्हती.

"वहिनी! आई!" ती बोळाच्या त्या टोकापासून ओरडली, शुद्ध पुणेरी आवाजात, अख्ख्या इस्पितळाला ऐकू जाईल अशी. "दादांना शू झाली! हीप्स! पिशवी भरली!"

स्मिता उठून तिच्याकडे धावली. दोघी जावा बोळाच्या मधोमध एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, हसत होत्या, आणि मधूनच पुन्हा "शू झाली" म्हणत होत्या.  मी तिथेच बसले आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.